अलॉय व्हीलवरचे ओरखडे घरी भरण्याचा संच: लांबी (पुट्टी) उत्तम, रंग कामचलाऊ

फूटपाथच्या काँक्रीटच्या कडेला घासून अलॉय व्हीलच्या काठावर जे ओरखडे उठतात, ते घरच्या घरी भरून रंगवण्यासाठीचे तयार संच हल्ली ऑनलाइन सहज मिळतात. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला लावली जात असल्याने हा मार बहुतेक वेळा डाव्या चाकांनाच बसतो, आणि माझ्या गाडीच्याही त्याच बाजूच्या दोन चाकांवर मी असा एक संच वापरून पाहिला. त्यात दोन नळ्यांतली इपॉक्सी लांबी (दोन्ही भाग मिसळले की कडक होणारी, खड्डा भरायची पुट्टी), 240, 400 आणि 800 क्रमांकाचे पॉलिश पेपर, लांबी पसरवायची प्लॅस्टिकची पट्टी, हातमोजे, चंदेरी रंगाचा छोटा स्प्रे आणि पारदर्शक लॅकरचा (रंगावरच्या संरक्षक थराचा) स्प्रे एवढे साहित्य होते.

खरेदीपूर्वी आपले चाक कोणत्या प्रकारचे आहे, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे. संपूर्ण चाक एकाच चंदेरी, करड्या किंवा काळ्या रंगाचे असेल, तर हा संच उपयोगी पडतो. परंतु हल्लीच्या अनेक गाड्यांच्या वरच्या मॉडेलवर ‘डायमंड कट’ चाके येतात; त्यांच्या दर्शनी भागावर रंग नसतो, तर लेथवर कापलेला धातूच पारदर्शक थराखाली चमकत असतो. जवळून पाहिल्यास त्यावर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक गोलाकार रेषा दिसतात. त्या रेषा हाताने परत आणता येत नाहीत, त्यामुळे अशा चाकासाठी हा संच घेऊ नये. चाकाला तडा गेला असेल, रिम वाकली असेल, ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल किंवा टायरमधली हवा हळूहळू कमी होत असेल, तर लांबीचा विचारही करू नये. लांबी खड्डा भरते, चाकाला बळकटी देत नाही.

संचातली सर्वांत चांगली वस्तू म्हणजे त्याची लांबी. दोन्ही नळ्यांतला भाग सारखा घेऊन, रेघा पूर्ण नाहीशा होईपर्यंत घोटला की राखाडी रंगाचा घट्ट लगदा होतो. तो काही मिनिटांतच आवळू लागतो, म्हणून एका वेळी बोराएवढाच घ्यावा. ओरखड्यात पट्टीने दाबून, आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा किंचित वर राहील असा भरावा आणि पूर्ण कडक झाल्यावरच घासावा. वाळल्यावर ही लांबी खाली बसली नाही, आणि चाकाच्या अगदी काठावर घासतानाही तिचे टवके उडाले नाहीत. हा काठच सर्वांत अवघड भाग असतो. तिथे रबराच्या लहान तुकड्याला पेपर गुंडाळून वळणाच्या दिशेने घासल्यास गोलाई टिकते. नुसत्या बोटांनी घासल्यास मऊ भाग आधी झिजून पृष्ठभाग लहरी होतो.

मात्र लांबी लावण्याआधीची तयारी माहितीपत्रकात दोन ओळींत उरकली आहे आणि ही त्याची मोठी उणीव आहे. ओरखड्याच्या कडेला धातूची एक धारदार उचललेली किनार असते. ती आधी 240 च्या पेपरने काढावी लागते. त्याभोवतालचा जुना लॅकर जिथे सुटला आहे, तिथून तो घट्ट धरलेल्या भागापर्यंत मागे घासत न्यावा आणि नख फिरवल्यावर पायरी लागेनाशी झाली की थांबावे. लॅकरखाली ओलावा शिरलेला असेल, तर ॲल्युमिनिअमवर पांढऱ्या तंतूंसारखी गंज पसरते. मुंबई आणि कोकणच्या खाऱ्या हवेत ती अधिक दिसते. ती तशीच झाकली, तर नव्या रंगाखाली ती पसरतच राहते. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे टाळू नये. टायर चमकवायच्या द्रावणातल्या सिलिकॉनचा अंश राहिला, तर त्यावर रंग एकसंध बसत नाही आणि बारीक खळगे पडतात.

संचात प्रायमर, म्हणजे रंगाआधी द्यायचा थर, नाही, हे मला मुळीच पटले नाही. उघड्या ॲल्युमिनिअमवर रंग थेट नीट धरत नाही, त्यामुळे धातूसाठीचा ‘एच’ (etch, म्हणजे धातूला घट्ट धरणारा) प्रायमर वेगळा आणावा लागला. चंदेरी रंगही जेमतेम आहे. अशा रंगात धातूचे बारीक कण असतात आणि ते कसे बसतात यावर छटा ठरते. थर ओला पडला तर गडद दिसतो, कोरडा पडला तर फिकट. म्हणून फक्त ओरखड्यावर ठिपका मारण्याऐवजी काठाचा पूर्ण पट्टा, सुमारे 20 ते 25 सेंटिमीटर अंतरावरून, पातळ थरांत रंगवावा. टायर आणि रिम यांच्या फटीत जुनी व्हिजिटिंग कार्डे एकाला एक लागून खोचली की टायरवर रंग उडत नाही. एवढे करूनही तिरप्या उन्हात जुन्या आणि नव्या रंगातला फरक जवळून कळतो. चार-पाच फुटांवरून तो दिसत नाही.

लॅकर पावसाळ्यात मारू नये. दमट हवेत तो दुधाळ पडतो, याचा उल्लेख डब्यावर असायला हवा होता. हा लॅकर एकाच घटकाचा असल्याने पेट्रोल लागल्यास मऊ पडतो. हार्डनर (कडक करणारे रसायन) मिसळायचा लॅकर अधिक टिकतो हे खरे, परंतु त्यातल्या आयसोसायनेटच्या वाफा फुप्फुसांना घातक असतात. त्यासाठी योग्य मास्क आणि मोकळी हवा लागते, म्हणून सोसायटीच्या बंदिस्त पार्किंगमध्ये तो वापरू नये.

चाक न काढताही काम होते, असा दावा डब्यावर आहे; तो मला मान्य नाही. रंगाचा फवारा ब्रेक डिस्कवर गेला, तर ब्रेकची पकड कमी होते. चाक काढून आडवे ठेवल्यास काठही सर्व बाजूंनी नीट दिसतो. परत बसवताना नट समोरासमोरच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनुसार (आवळण्याच्या जोरानुसार) आवळावेत आणि थोडी गाडी चालवल्यावर पुन्हा तपासावेत.

एका-दोन चाकांवरचे उथळ ओरखडे असतील, तर हा संच जरूर घ्यावा, पण प्रायमरचा खर्च त्यात धरावा. चारही चाके खराब असतील, तर टायर उतरवून पावडर कोटिंग करून घेणे अधिक शहाणपणाचे आहे. ती पावडर सुमारे 200 अंश सेल्सिअसच्या भट्टीत पक्की होते आणि तिचा टिकाऊपणा स्प्रेच्या रंगाला येत नाही. घरी रंगवलेल्या चाकांना पहिले काही आठवडे केवळ साबणाच्या पाण्याने धुवावे, आणि वॉशिंग सेंटरमध्ये चाकांवर ॲसिडचे क्लीनर मारू नये असे आधीच सांगून ठेवावे.