नॉरफोक ते ओरिएंटल : भाड्याच्या शिडाच्या बोटीवर दोघांचा एक आठवडा

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या पतीने आणि मी व्हर्जिनियातील नॉरफोकजवळच्या एका कंपनीकडून ३४ फुटी शिडाची बोट तांडेलाविना, म्हणजे सगळी जबाबदारी आपल्याच शिरावर घेऊन, भाड्याने घेतली आणि ती अटलांटिक इंट्राकोस्टल वॉटरवेने नॉर्थ कॅरोलायनातील ओरिएंटल या गावी नेऊन सोडली. आठवड्याचे भाडे २,८०० डॉलर होते. अनामत आणि डिझेल वेगळे. असा बेत करणाऱ्यांना मुख्य गोष्ट आधीच सांगते. जाहिरातीतल्या प्रत्येक छायाचित्रात शिडे फुगलेली आहेत; आम्ही मात्र एकूण जे ३२ तास चाललो, त्यांपैकी २५ तास इंजिनावर चाललो.

यात वाऱ्याचा दोष नाही, मार्गच तसा आहे. उघड्या समुद्राला आणि विशेषतः नॉर्थ कॅरोलायनातील केप हॅटेरस या भूशिराजवळच्या बदनाम पाण्याला टाळून बोटींना किनाऱ्याच्या आतून दक्षिणेकडे जाता यावे, म्हणून नद्या, उथळ खाड्या आणि खोदलेले कालवे जोडून हा जलमार्ग तयार झाला आहे, आणि अमेरिकी लष्कराचा अभियंता विभाग त्याची देखभाल करतो. नॉरफोक हा त्याचा शून्य मैल. स्थानिक लोक त्याला ‘चर’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाने हाक मारतात आणि बराच भाग खरोखर चरासारखाच आहे : खोल पाण्याची पट्टी अरुंद, तिच्याबाहेर लगेच गाळ, त्यामुळे वारा समोरून आला तर शिडाच्या बोटीला जावे लागते तसे नागमोडी जाण्यास जागाच उरत नाही.

आम्ही दोन पर्यायांपैकी डिस्मल स्वॅम्प कालव्याची वाट निवडली आणि तिच्यासाठी मी संपूर्ण सहलीचे भाडे पुन्हा देईन. १८०५ मध्ये वाहतुकीस खुला झालेला हा २२ मैलांचा कालवा गुलाम माणसांच्या हातांनी, फावड्याकुदळींनी खोदला गेला, आणि ज्या दलदलीतून तो जातो त्याच दलदलीत पळून आलेले गुलाम पिढ्यान्‌पिढ्या लपून राहिले, हे ठाऊक असले की दोन्ही बाजूंनी पाण्यावर झुकलेली ती देखणी झाडी नुसती देखणी राहत नाही. पाणी झाडांतल्या टॅनिनमुळे कोऱ्या चहाच्या रंगाचे झालेले आहे आणि इतके स्थिर असते की सकाळी प्रतिबिंब कुठे संपते आणि झाड कुठे सुरू होते ते कळत नाही. कालव्याच्या दोन्ही टोकांना लॉक आहेत; दोन दारांमधल्या हौदात बोट उभी करतात आणि पाणी भरून ती सुमारे आठ फूट वर उचलतात, पलीकडच्या टोकाला तशीच खाली उतरवतात. ही दारे दिवसातून ठरलेल्या चार वेळांनाच उघडतात. कंपनीचा माणूस बोट ताब्यात देण्यास पाऊण तास उशिरा आल्यामुळे आमची अकराची वेळ हुकली आणि दीड वाजेपर्यंत ताटकळावे लागले.

उशीर मी विसरले असते, पण त्या माणसाने घाईघाईत जी माहिती दिली ती या सेवेबद्दलची माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. खोली दाखवणारे यंत्र बोटीच्या कीलखाली, म्हणजे तळाच्या सर्वांत खोल कण्याखाली, किती पाणी आहे ते दाखवते, असे त्याने सांगितले. आमच्या बोटीला तरंगण्यास पाच फूट पाणी लागत होते आणि कालव्याची खोली जेमतेम सहा फुटांच्या आसपास असते. तरीही यंत्र पाच-पाच फूट शिल्लक दाखवत होते, तेव्हाच शंका यायला हवी होती. यंत्रावर साडेतीन फूट असताना कील गाळात टेकली आणि बोट एखाद्या म्हशीसारखी हळूच बसली. मऊ गाळ असल्यामुळे उलट्या गियरवर ती सुटली. त्यानंतर दोराला वजन बांधून खोली मोजली, तेव्हा उलगडा झाला की यंत्र पाण्याखाली दीड फुटावर बसवलेल्या संवेदकापासून मोजत होते, कीलपासून नव्हे. खडकाळ तळ असता तर हा परीक्षण-लेख विमा कंपनीला लिहिला असता.

यंत्रकक्षात आणखी एक उणीव होती. कालव्यात टिकलीएवढ्या हिरव्या पानांचा थर तरंगत असतो आणि तो इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या गाळणीत जाऊन बसतो. गाळणी रोज दोनदा साफ करावी लागते, हे कोणी सांगितले नव्हते, आणि पाणी खेचणाऱ्या पंपाचा रबरी पंखा सुट्या भागांच्या डब्यात नव्हता. तो बिघडला असता तर आठवडा तिथेच संपला असता.

एलिझाबेथ सिटीच्या धक्क्यावर दोन दिवस फुकट बांधता येते. १९८३ मध्ये फ्रेड फियरिंग आणि जो क्रेमर या दोघा मित्रांनी इथे येणाऱ्या बोटींवरच्या स्त्रियांना गुलाब देण्यास सुरुवात केली, त्यामुळे या गावाच्या आतिथ्याची कीर्ती झाली. मला गुलाब मिळाला नाही. शेजारच्या बोटीवरच्या वृद्ध दांपत्याने आमचे दोर मात्र न सांगता झेलले. पुढची अ‍ॅल्बेमार्ल साउंड ही खाडी रुंद पण उथळ आहे आणि जोराच्या वाऱ्यात तिथे आखूड, उभ्या लाटा उठतात, म्हणून आम्ही एक दिवस धक्क्यावरच काढला. रेवदंड्याच्या खाडीवर वाढलेल्या मला भरती-ओहोटीचे गणित पाठ आहे, पण इथे त्याचा काही उपयोग नव्हता : बाहेरच्या वाळूच्या बेटांमुळे समुद्राची भरती आत जवळजवळ पोहोचतच नाही आणि पाणी वाऱ्याच्या दिशेप्रमाणे चढते-उतरते. खुणाही उलट्या. भारतात बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला ठेवतात. इथे दक्षिणेकडे जाताना लाल खूण उजवीकडे. पहिल्या दिवशी सुकाणूवर असताना मी दर खुणेला मनात एकदा ‘उजवी’ म्हणत होते.

बोट आतून स्वच्छ होती. दोन शेगड्यांचा स्टोव्ह बोट कलली तरी आडवा राहतो, त्यामुळे पोहे आणि मुगाची खिचडी व्यवस्थित झाली. नांगराची साखळीही भरपूर लांब होती. शौचालयाच्या टाकीचा दर्प मात्र तिसऱ्या दिवसापासून पुढच्या खोलीत येऊ लागला आणि आम्ही मागच्या अरुंद खोलीत झोपलो. अ‍ॅलिगेटर नदीच्या दक्षिण टोकाला, अस्वले आणि लाल लांडगे असलेल्या अभयारण्याच्या कडेला, नांगर टाकून काढलेल्या रात्री एकही दिवा दिसत नव्हता, त्यामुळे तो दर्प तेवढ्यापुरता विसरता आला. दोघांनीच जाणाऱ्यांना एक सुचवते : कानाला लावायचे बोलके हेडफोन घेऊन जा. इंजिन चालू असताना सुकाणूवरून मारलेली ‘अहो’ ही हाक नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, उभ्या असलेल्या पतींपर्यंत पोहोचत नाही, आणि ती मोठ्याने मारली की धक्क्यावरच्या सगळ्यांना भांडण वाटते.

शिडांचे खरे सुख शेवटच्या दिवशी मिळाले. बेलहेवन सोडल्यावर पाम्लिको नदीत दीड तास आणि दुपारनंतर न्यूस नदीत तीन तास इंजिन बंद होते. न्यूस तिथे इतकी रुंद आहे की दोन्ही काठ एकाच वेळी नीट दिसत नाहीत, आणि बाजूने येणाऱ्या वाऱ्यावर बोट पहिल्यांदाच आपल्या जातीप्रमाणे वागली. ओरिएंटलला बोट परत घेणाऱ्या बाईंनी पाणबुड्याकडून कील तपासून अनामत पूर्ण परत केली आणि खोलीच्या यंत्राबद्दल मी लिहून दिलेला कागद वहीत चिकटवला. पुढच्या वेळी आम्ही बोट ओरिएंटललाच घेऊन तिथेच परत करू, म्हणजे सगळे दिवस न्यूस आणि पाम्लिकोवर काढता येतील; डिस्मल स्वॅम्पपर्यंत मोटारीने जाऊन तिथे दिवसभरासाठी छोटी वल्ह्यांची होडी घेऊ.