चंद्रा दुर्बिणीची चित्रं पाहून झाली असतील तर फोटॉन उतरवून घ्या

नासाच्या ‘चंद्रा’ या अंतराळातल्या क्ष-किरण दुर्बिणीची रंगीत चित्रं बहुतेकांनी पाहिलेली असतात. मी लिहितेय तिच्या डेटा-संग्रहाबद्दल. तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांना प्रोजेक्ट द्यायला इतकं चांगलं आणि फुकट दुसरं काही मला मिळालेलं नाही. शिफारसपत्र नको, फी नको. ‘चेसर’ या शोधपानावर वस्तूचं नाव टाकायचं, यादीतून हवं ते निरीक्षण उतरवायचं. नवी निरीक्षणं बहुधा काही काळ मूळ संशोधकांसाठी राखीव असतात, पण १९९९ पासूनचा जुना साठा खुला आहे.

मी सगळ्यांना निरीक्षण क्रमांक ११४ पासून सुरुवात करायला लावते. शर्मिष्ठा तारकासमूहातल्या कॅसिओपिया ए या फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषाचं हे जानेवारी २००० मधलं, सुमारे ५० हजार सेकंदांचं निरीक्षण. नावात ‘ईव्हीटी२’ असलेली फाइल घ्या. तिच्यात चित्र नसतं, वाण्याच्या रोजकीर्दीसारख्या नोंदी असतात: हा फोटॉन (प्रकाशाचा कण) इथे पडला, या वेळी, इतक्या ऊर्जेचा. चित्र आपण काढायचं. डीएस९ हा मोफत प्रोग्रॅम विंडोजवरही चालतो आणि फाइल अनझिप न करताच उघडतो. त्याच्या बिन मेन्यूतल्या फिल्टरमध्ये energy ची मर्यादा १८०० ते २००० (इलेक्ट्रॉन व्होल्ट) टाकली की सिलिकॉन उजळतं, ६४०० ते ६९०० टाकली की लोखंड. आता डावीकडे खाली, म्हणजे आग्नेयेला बघा. लोखंड तयार होतं ताऱ्याच्या अगदी पोटात, पण इथे ते सिलिकॉनच्याही बाहेर पडलेलं दिसतं. स्फोटात ताऱ्याची आतली बाजू बाहेर आली! हे शोधनिबंधात छापून आलेलं आहेच, पण मुलांना ते स्वतःच्या लॅपटॉपवर सापडतं.

मधला बारीक ठिपकाही पाहा. तो न्यूट्रॉन तारा, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा उरलेला अतिघन गाभा. १९९९ च्या पहिल्या प्रकाशचित्रातच तो दिसला, कारण चंद्राचे एकात एक बसवलेले आरशांचे ४ जोड जवळपास अर्ध्या आर्क सेकंदापर्यंतचा (एक आर्क सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तपशील दाखवतात.

आता तक्रारी. वर्णपट (कोणत्या ऊर्जेचे किती फोटॉन आले याचा आलेख) काढायचा तर ‘चाओ’ ही सॉफ्टवेअर प्रणाली लागते आणि ती लिनक्स किंवा मॅकवरच चालते. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) बसवायचं, म्हणजे एक दिवस गेला म्हणून समजा. मदतीची पानं मात्र उत्तम, एकेक आज्ञा टाइप करून दाखवलेली. दुसरं, कॅमेऱ्यापुढच्या फिल्टरवर वर्षानुवर्षं किटण साचत गेलंय, त्यामुळे कमी ऊर्जेचे फोटॉन आता फार थोडे पोचतात. कॅलिब्रेशन (उपकरणातल्या या फरकाची दुरुस्ती) न करता २००० आणि अलीकडची निरीक्षणं शेजारी ठेवली तर वस्तूच मंदावली असं वाटेल.

‘आपली ॲस्ट्रोसॅट, म्हणजे इस्रोची अंतराळ वेधशाळा, का नाही?’ असं कुणी तरी विचारतंच. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत घडलेली तिची क्ष-किरण दुर्बीण चांगलीच आहे, पण तिचा तपशील आर्क मिनिटांतला (एक आर्क मिनिट म्हणजे ६० आर्क सेकंद). कॅसिओपिया ए तिच्यात डागासारखा दिसणार. झरझर बदलणारी कृष्णविवरं अभ्यासायची असतील तर मात्र ॲस्ट्रोसॅटकडेच जा. तिचं लॅक्सपीसी उपकरण फोटॉनची वेळ १० मायक्रोसेकंदांपर्यंत नोंदवतं, तर चंद्राचा कॅमेरा साधारणपणे ३.२ सेकंदांना एक फ्रेम घेतो. इस्रोच्या संग्रहात आधी नोंदणी करावी लागते. अडलात तर पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेचं ॲस्ट्रोसॅट साहाय्य केंद्र आहे.