मायसाठी घेतलेला गाण्यांचा रेडिओ – दिवाळी ते कानबाई, दहा महिने वापरल्यानंतरचा अनुभव

दिवाळीच्या आधी मायसाठी हा सेट घेतला, आता कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातला देवीचा सण, तो पण होऊन गेला, म्हणजे दहा महिने झाले आणि एक दिवस असा गेला नाही की तो घरात वाजला नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर फक्त आवाज किती मोठा आणि गाणी किती भरलीयेत एवढंच लिहिलं असतं. आता बरंच सांगण्यासारखं आहे म्हणून जरा लांबच लिहितोय.

आधी वस्तू काय ते सांगतो. जुन्या रेडिओसारखा दिसणारा सेट, समोर जाळी, दोन गोल बटणं, आत आधीच भरलेली हजारो जुनी हिंदी-मराठी गाणी, वर एफएम, मीडियम वेव्ह, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, ब्लूटूथ. दोन हजारांच्या आत मिळाला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहित नाही, याच साच्याचे सेट चारपाच नावांनी मिळतात आणि अनुभव सगळ्यांचा साधारण सारखाच असणार. आमचं घर अमळनेर तालुक्यात, घरात माय, मी, बायको आणि दोन पोरी. मायचं वय पंच्याहत्तरच्या पुढे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, टीव्हीसमोर जास्त वेळ बसवत नाही, म्हणून हा विचार.

पहिले दोन महिने आत भरलेली गाणी वाजवली. आवाज खरंच चांगला आहे, जाड आहे, मोबाईलसारखा कानात टोचत नाही. पण माझ्या लक्षात आलं की माय ऐकते आणि थोड्या वेळाने कामाला उठून जाते. मी विचारलं आवडत नाही का, तर म्हणे आवडतं की. एकदा मी चुकून एफएमला लावून तसाच सोडला, आणि संध्याकाळी घरी आलो तर माय त्याच्याजवळ बसून लसूण सोलत होती, निवेदिका बोलत होती, मध्ये बातम्या झाल्या, मग गाणं, मग शेतीचं काहीतरी. तेव्हापासून ते आत भरलेल्या गाण्यांचं बटण आमच्या घरात जवळपास बंदच आहे.

मला याचा उलगडा व्हायला वेळ लागला. आमच्या घरात नानांचा, म्हणजे वडिलांचा, रेडिओ होता, चामड्याच्या कव्हरमधला, ज्याच्यासाठी पोस्टातून लायसन काढावं लागायचं. तेव्हा गाणं आपण लावायचं नसायचं, गाणं यायचं, आणि ते ज्या वेळेला यायचं त्या वेळेचं काम त्याला चिकटून जायचं. सकाळी आकाशवाणी सुरू होतांना जी धून वाजते ना, ती १९३६ मधली, वॉल्टर कॉफमन नावाच्या संगीतकाराची, जो नाझींच्या छळामुळे युरोप सोडून मुंबईला आला होता. हे मी फार नंतर वाचलं. मायसाठी ती धून म्हणजे चूल पेटवायची वेळ. बातम्यांच्या आधीची ती पीप पीप वाजली की नाना भिंतीवरचं घड्याळ लावायचे, आणि सातनंतरच्या पुण्याच्या बातम्या सुरू झाल्या की आम्ही पोरं अजून अंथरुणात असलो तर शिव्या ठरलेल्या. घरात घड्याळ होतं, पण घर चालायचं रेडिओवर.

आणि रात्र. ज्यांनी कपाशीला, केळीला रात्री पाणी भरलंय त्यांना लगेच कळेल. लाईट रात्रीची असायची, नाना बॅटरी आणि रेडिओ घेऊन शेतात जायचे, रेडिओ बाभळीच्या फांदीला अडकवायचा आणि वाफ्यात पाणी सोडत राहायचं. विविध भारतीवर दहाला छायागीत लागायचं. विविध भारती सुरू झाली १९५७ मध्ये, आणि छायागीत आजही दहालाच लागतं. मी पहिल्यांदा रात्री दहाला हा सेट विविध भारतीला लावला तेव्हा माय अंथरुणावर पडली होती. थोड्या वेळाने अंधारातूनच म्हणाली, "छायागीत सरनं का तुना नाना मोटर बंद करेत." म्हणजे छायागीत संपलं की तुझे नाना मोटर बंद करायचे. बस, एवढंच. नानांना जाऊन अकरा वर्षं झाली. गाणं कोणतं लागलं होतं ते तिने विचारलंही नाही, आणि मला नाही वाटत की तिला गाण्याशी काही घेणं होतं, ती मोटर बंद व्हायची वाट बघत होती. तेव्हापासून साडेदहा वाजेपर्यंत सेट बंद करायचा नाही असा आमच्या घरात नियमच झालाय, पोरींची परीक्षा असली तरी आवाज बारीक करतो पण बंद करत नाही.

नानांच्या पेटीत खताच्या हिशोबाची एक वही आहे. पुढून युरिया, सुफला, मजुरी, आणि वही उलटी केली की मागून बिनाका गीतमालाचे नंबर. बुधवारी रात्री आठला अमीन सायानी जे जे पायदान सांगायचे ते नाना लिहून घ्यायचे, कोणतं गाणं वर चढलं, कोणतं खाली उतरलं, बाण काढून. एका पानावर गाण्यांच्या मधोमध "सरकी २ क्विंटल" असं लिहिलंय, बहुतेक मध्येच कोणीतरी आलं असेल. हा कार्यक्रम १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झाला होता आणि अमीन सायानी फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले, ती बातमी मीच मायला सांगितली होती, तर ती म्हणे, "बहनो और भाइयो?" आणि गप्प झाली. त्या वहीतली गाणी शोधून मी एक पेन ड्राइव्ह भरला, वर्षाप्रमाणे. या सेटचा माझ्या मते खरा उपयोग हाच, पेन ड्राइव्हची जागा. आत कंपनीने काय भरलंय त्यापेक्षा आपण काय भरतो ते महत्त्वाचं.

पण इथे दोन गोष्टी अडतात त्या सांगून ठेवतो म्हणजे कोणाचा वेळ जाणार नाही. मोठा चौसष्ट जीबीचा पेन ड्राइव्ह टाकला तर सेट तो वाचतच नव्हता, बत्तीसचा घेऊन फॅट३२ मध्ये फॉरमॅट केल्यावर लगेच चालला. दुसरं म्हणजे क्रम. गीतरामायण टाकलं होतं, आता ते १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक असं वर्षभर चाललेलं, ५६ गाण्यांची सलग गोष्ट आहे, आणि हा सेट वनवासानंतर एकदम स्वयंवर वाजवायला लागला. माय म्हणे हे काय उलटं चाललंय. माझं तीन संध्याकाळी डोकं खाल्लं त्याने. शेवटी कळलं की तो नाव बघतच नाही, ज्या क्रमाने फाईल कॉपी केल्या त्याच क्रमाने वाजवतो. मग पेन ड्राइव्ह रिकामा करून एक एक गाणं क्रमाने कॉपी केलं, तासभर गेला पण आता बरोबर आहे.

रामायणावरून आठवलं. टीव्हीवरचं रामायण १९८७ च्या जानेवारीत सुरू झालं तेव्हा मी तिसरीत होतो, गल्लीत एकच टीव्ही, ब्लॅक अँड व्हाईट, रविवारी सकाळी नेमकी लाईट जायची म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी आणून ठेवलेली असायची. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तेच परत लागलं, मी पोरींना घेऊन बसलो, तर मला एकही प्रसंग नीट आठवत नव्हता. आठवत होतं ते हे की ओसरीत बायांनी बियाण्याच्या भुईमुगाच्या शेंगा फोडायला घेतलेल्या, टरफलांचा ढीग, आणि कोणी मोठ्याने शेंग फोडली तरी गल्लीतले जिभाऊ मागे वळून बघायचे. माझ्यासाठी रामायण म्हणजे आजही ओल्या केसांचा आणि शेंगांचा वास आहे. पोरींना मी हे सांगितलं तर धाकटी म्हणे पप्पा आम्हाला असं काय आठवेल, आणि मला उत्तर देता आलं नाही कारण त्या दोघी दोन मोबाईलवर कानात घालून दोन वेगळं काही बघतात. मला हे खरंच खटकतं. एकाच घरात राहून आमच्या आठवणी वेगवेगळ्या होऊन राहिल्या आहेत असं वाटतं. सेट आल्यापासून निदान सकाळचा चहा होईपर्यंत सगळ्यांच्या कानावर एकच पडतं, थोरली आता बातम्यांच्या आधीची पीप पीप ऐकून वेणी घालायला बसते, तिला कोणी सांगितलं नव्हतं.

तक्रारी पण आहेत. चार महिन्यांत चार्जिंगची पिन ढिली झाली, वायर धरून ठेवली तरच चार्ज व्हायचा. सर्व्हिसवाल्यांना सात वेळा फोन केला, दर वेळेस उद्या परवा, शेवटी धुळ्याला एका रिपेअरवाल्याने शंभर रुपयात पिन बदलून दिली ती आजपर्यंत चालू आहे. बॅटरी रोज चार-पाच तास वाजवला तर दोन दिवस जाते, हे ठीक आहे. मीडियम वेव्हला सुरुवातीला नुसती घरघर यायची, मला वाटलं सेटच खराब, पण दोष घरातल्या एलईडी बल्बचा आणि मोबाईल चार्जरचा निघाला, ते बंद केले की आवाज मोकळा होतो. आणि वरची दांडी कितीही ओढा, मीडियम वेव्हला त्याने फरक पडत नाही, तिचा अँटेना आत कांडीवर गुंडाळलेला असतो, सेटच हळूहळू फिरवून दिशा धरायची. रात्री लांबलांबची स्टेशनं येतात, नानांच्या रेडिओवर यायची तशीच. बटणांवरची अक्षरं मात्र मायला अजिबात दिसत नाहीत, एवढी बारीक का करतात काय माहीत, ज्यांच्यासाठी बनवता त्यांचं वय तर बघा. बायकोने चालू-बंदच्या बटणाला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, माय तेवढाच ओळखते.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मावशी आली होती, शेजारच्या काकू पण होत्या, मागच्या निंबाला पोरींसाठी झोका बांधलेला, आणि दुपारी या तिघी झोक्याची आणि गौराईची गाणी म्हणायला लागल्या. मी मोबाईल चालू करून उशीखाली ठेवला, समोर धरला की माय लाजते. पाऊण तास रेकॉर्ड झालं. मध्ये दोन वेळा मावशीचं आणि मायचं वाजलं, पुढची ओळ कोणती त्याच्यावरून, एकीचं माहेरचं, शिरपूरकडचं शिकलेलं आणि दुसरी सासरी जाऊन वेगळंच म्हणायला लागलेली. बकरी ओरडली, कुकरची शिट्टी झाली, सगळं आलंय त्यात. मोबाईलची फाईल सेटला चालत नाही, एमपी३ करावी लागते, ती केली आणि पेन ड्राइव्हमध्ये टाकली.

आसोद्याच्या बहिणाबाई जात्यावर, शेतात ओव्या म्हणत राहिल्या, लिहिता येत नव्हतं, मुलाने आणि नात्यातल्या पोराने लिहून घेतल्या म्हणून त्या गेल्यावर १९५२ मध्ये पुस्तक निघालं. शाळेत हे कितीदा ऐकलंय. पण लिहून घेणारं कोणी नसलं की काय होतं हे मला तेव्हा जाणवलं जेव्हा मावशी म्हणाली की याच्या पुढचं कडवं तुमच्या आजीलाच येत होतं.

सेटवर लावलं तेव्हा माय भाकरी थापत होती. ऐकत राहिली, मग विचारलं, "कोन गाई राह्यनी रे?" मी म्हटलं तूच. हात पिठात तसाच, "हाई मी शे का?" तिने स्वतःचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा बाहेरून ऐकला असेल. तव्यावरची भाकरी करपली, ती बायकोने उलटली.

यंदा कानबाईला नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळं भाऊबंद आलं, रोट झाले, रात्री जागरणाला बाया जमल्या. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला डीजे होता म्हणून थोरलीने हा सेट कानबाईजवळ आणून ठेवला आणि अखाजीचं रेकॉर्डिंग लावलं, की गाणी सुरू व्हायच्या आधी जरा वातावरण होईल. तीनचार गाणी झाली. वादाची ती ओळ आली, मावशी म्हणते तशी, आणि माय भिंतीला टेकून बसली होती ती उठून पुढे सरकली, लाल ठिपक्यावर बोट ठेवून सेट बंद केला. दहा महिन्यांत वाजणारा सेट तिने स्वतःहून बंद केल्याचं मी पहिल्यांदा बघितलं. "नही वं, आसं नही ते," म्हणाली आणि ती ओळ तिच्या माहेरची, तिच्या आईची, तशी म्हटली. बाया मागून म्हणायला लागल्या. धाकटीने मला न सांगता माझा मोबाईल उचलला आणि उशीखाली नेऊन ठेवला.

ते रेकॉर्डिंग दोन तास दहा मिनिटांचं आहे. डीजेचा धडधड आवाज खाली येतो, पण शब्द कळतात. पेन ड्राइव्हवर अखाजीचं आधी आणि कानबाईचं नंतर असं कॉपी केलंय, मावशीची ओळ काढली नाही.