पावसात गान्नागा: पंधरा मिनिटांचं रामेन

जपानमधल्या फुकुओकात पाऊस लागला की रात्रीच्या खाण्याचा बेत सगळ्यात आधी कोलमडतो. संध्याकाळी फुटपाथवर उभे राहणारे आठ-दहा खुर्च्यांचे गाडे, म्हणजे यातई, ही या शहराची ओळख. पण पावसावाऱ्याचा जोर असला की ते लागतच नाहीत, आणि लागलेच तर ताडपत्रीच्या कडेने पाठीवर पाणी ठिबकत राहतं. हे शहर ज्या क्यूशू बेटावर आहे त्याच्या उत्तर भागातला पावसाळा, त्सुयु, सरासरी ४ जूनच्या सुमारास सुरू होतो आणि १९ जुलैच्या आसपास सरतो. या दीड महिन्यात जाणाऱ्याने यातईच्या भरवशावर न राहता एक पक्कं छप्पर लक्षात ठेवावं. ते म्हणजे मासळी बाजाराच्या नागाहामा भागातलं 'गानसो नागाहामाया', रामेनचं, म्हणजे गरम सूपमधल्या नूडल्सचं, दुकान. गावातली माणसं एवढं लांब नाव घेत नाहीत, नुसतं 'गान्नागा' म्हणतात.

१९५२ साली हाही एक गाडाच होता. गिऱ्हाईक मासळी बाजारातलं: लिलाव संपवून आलेले, पुढच्या खेपेला निघालेले, हातात वेळ नसलेले लोक. या दुकानातलं सगळं त्या घाईतून ठरलं आहे. जाड नूडल्स उकळायला तीन-चार मिनिटं लागतात, म्हणून बारीक घेतल्या, त्या मिनिटभरात होतात. बारीक नूडल्स सूपमध्ये लगेच मऊ पडतात, म्हणून एका वेळी थोड्याच वाढायच्या. थोड्याने पोट भरत नाही, म्हणून उरलेल्या सूपमध्ये ताज्या उकळलेल्या नूडल्सचा दुसरा घाणा घालायचा. या दुसऱ्या घाण्याला काएदामा म्हणतात. आज जपानभर चालणारी ही पद्धत याच दुकानातून निघाली, असं फुकुओकात मानतात.

आपल्याकडे पाऊस म्हटला की काहीतरी गरम पुढ्यात घेऊन निवांत बसायचं, हे डोक्यात पक्कं असतं. इथे तसं बसलात तर रामेन हातचं जाईल. पहिला घास आणि शेवटचा घास यांत पाच-सहा मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं, तर शेवटी उरतो तो लगदा. रेंगाळण्यासाठी वेगळं रामेन असतं. उत्तर जपानमधल्या साप्पोरोच्या मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या) रामेनच्या नूडल्स जाड, कुरळ्या, जास्त पाण्यात मळलेल्या असतात आणि वर चरबीचा थर झाकणासारखा बसलेला असतो, त्यामुळे ते बराच वेळ तग धरतं. नागाहामाचं धरत नाही. त्यात दोष नाही, त्याचा घाटच तसा आहे.

जायचं कसं? विमानतळापासून निघणारी भुयारी रेल्वे हाकाता, तेन्जिन करत आकासाकाला येते. गाडी बदलावी लागत नाही. आकासाकाला उतरून समुद्राच्या दिशेने साधारण दहा मिनिटं चालायचं. हे दहा मिनिटांचं अंतर उघड्यावरचं आहे. तेन्जिनचा भुयारी बाजार इथवर येत नाही, तेव्हा छत्री हवीच. पावसात मान खाली घालून चालताना एक चूक हमखास होते. जवळपास जवळजवळ याच नावाच्या पाट्या आहेत, आणि जपानी लिपी न वाचणाऱ्याला त्या एकसारख्याच दिसतात. नावाच्या शेवटी एकाच अक्षराचा फरक आहे. दुकानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवून पाटी अक्षरन् अक्षर ताडून पाहावी आणि मगच आत शिरावं.

तिकिटाचं यंत्र दारातच आहे. बटणं मोजकी, कारण विकायला रामेन सोडून फारसं काही नाही: रामेन, काएदामा, जादा मांस आणि थोडी पेयं. रामेन आणि एक काएदामा १,००० येनच्या आत बसतं. १,००० येनच्या नोटा आणि सुटी नाणी खिशात असावीत. जपानमधली तिकीटयंत्रं मोठ्या नोटा नेहमीच घेतात असं नाही, आणि जुलै २०२४मध्ये नव्या नोटा आल्यापासून जुन्या यंत्रांपाशी त्या कधीकधी परत येतात. ओल्या हातांनी नोट सरकवू नये, ओली नोट यंत्र बाहेर फेकतं. मागे रांग असेल तर आधी हात पुसा, मग पाकीट काढा.

रामेनच्या दुकानात पावसाळ्यात खरी जपायची ती जमीन. डुकराची हाडं तासन् तास खळखळ उकळत असतात, त्या वाफेबरोबर चरबीचे बारीक कण उडतात आणि फरशीवर बसतात. त्यावर बुटांचं पाणी पडलं की पाय सटकलाच. गुळगुळीत तळाची चप्पल घालून जाऊ नये. चश्मा आत शिरताच धुकटतो, तो पुसून मगच पुढे पाऊल टाकावं. छत्री दाराशी ठेवायची, आणि सगळ्यांच्या छत्र्या त्याच पारदर्शक प्लास्टिकच्या असतात म्हणून आपल्या दांड्याला दोरा किंवा रबरबँड बांधून ठेवावा. सूटकेस घेऊन तर जाऊच नये, ती स्टेशनच्या लॉकरमध्ये टाकून यावं.

आत पाऊल पडलं की तुमची मोजणी झालेली असते. कामगार आकडा ओरडतो आणि नूडल्स पाण्यात पडतात. म्हणून नूडल्स कशा हव्यात ते बसल्यावर सांगून उपयोग नाही, शिरता शिरता सांगायचं. काहीच बोलला नाहीत तर नेहमीच्या येतील, त्यातही बिघडत नाही. मऊ हव्या असतील तर 'यावा', कडक हव्या असतील तर 'काता'. त्याहून कडक म्हणजे 'नामा', शब्दशः कच्च्या. त्या पाण्यात जेमतेम बुडवून काढतात. चरबीसाठी 'बेता' म्हणजे जास्त, 'नाशी' म्हणजे अजिबात नको. दोन्ही शब्द जोडून 'बेताकाता' म्हटलं की काम झालं.

पहिल्यांदा जाणाऱ्याने 'काता' घ्यावं, 'नामा' नको. नामात पिठाचा कच्चा वास राहतो आणि पोटालाही ते जड जातं. गंमत अशी की नेहमीच्या नूडल्स पहिल्या दोन मिनिटांत उत्तम लागतात, पण चॉपस्टिक्सची सवय नसलेल्याचं खाणं सावकाश होतं. काता घेतल्या तर त्या दोन-तीन मिनिटांत सूपमध्येच मुरून नेमक्या होतात. चरबीचं गणित हवेवर ठरवावं. जानेवारीच्या थंड पावसात बेता घ्यावं, चरबीचा थर सूप गरम ठेवतो. जूनच्या दमट, चिकट पावसात बेता घेतलं तर निम्म्यावरच नको होतं.

नूडल्स इतक्या लवकर का मऊ पडतात, हे समजलं की बाकी सगळं आपोआप कळतं. १०० ग्रॅम मैद्याला इथे साधारण २६ ते ३० ग्रॅम पाणी घालतात. आपल्या पोळीच्या कणकेला १०० ग्रॅमला ६० तरी लागतं, यावरून पीठ किती कोरडं असेल याचा अंदाज यावा. ते हाताने मळलंच जात नाही, यंत्राच्या रुळांमधून दाबून त्याची पट्टी करावी लागते. त्यात कानसुई नावाचा क्षार असतो, आपल्या पापडखाराच्या जातीचा. त्याने पिठाला पिवळसर झाक आणि चावताना लागणारा तो तुटकपणा येतो. असा कोरडा धागा सूपमध्ये पडला की तहानल्यासारखा सूप शोषतो. चव पटकन आत शिरते ती त्यामुळे, आणि मऊही तो त्यामुळेच पडतो. पावसाळ्यात हवेतली ओल पिठात येते म्हणून नूडल्स बनवणारे मळतानाच पाणी थोडं कमी करतात.

आता सूप. तोनकोत्सु म्हणजे डुकराच्या हाडांचं सूप, आणि ते पांढरं असतं त्याचं कारण दूध किंवा क्रीम नव्हे. हाडं मोठ्या आचेवर खळखळ उकळत ठेवली की त्यांतलं कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं, ते चरबीचे बारीक थेंब पाण्यात धरून ठेवतं, आणि सूप दुधाळ दिसतं. मंद आचेवर तीच हाडं शिजवली तर पाणी नितळ राहतं. क्यूशूतल्या कुरुमे गावात १९३७ साली तोनकोत्सु सुरू झालं तेव्हा ते असं पांढरं नव्हतं. पुढे १९४७मध्ये तिथल्याच एका गाड्यावर आच चुकून जास्त झाली, सूप पांढरं झालं आणि तेच लोकांना आवडलं, अशी हकिगत सांगतात.

गान्नागाचं सूप मात्र आजकालच्या दाट, ओठांना चिकटणाऱ्या तोनकोत्सुसारखं नाही. ते पातळ आहे, हलकं आहे, सकाळी सहाला बाजारातून आलेल्या माणसाला उपाशीपोटी झेपेल असं. दाट सूपच्या अपेक्षेने जाणाऱ्याची निराशा होते. पण बाहेर धो धो पाऊस असताना, ओल्या मोज्यांनी बसलेल्याला हेच पातळ सूप बरं वाटतं, कारण ते पिता येतं. दाट सूपचे चार चमचे होतात, हे सगळंच्या सगळं घशाखाली उतरतं.

मांसाचे मोठे गोल काप इथे नसतात, बारीक तुकडे असतात आणि ते चांगलेच खारट असतात. ते सुटे खाऊ नयेत. बाउल आल्याबरोबर चॉपस्टिक्सने खाली ढकलून सूपमध्ये बुडवावेत. दोन मिनिटांत मीठ सूपमध्ये उतरतं, मांस मऊ होतं आणि सूपही सुधारतं. हे न करता आधीच वरून मीठमसाला वाढवणाऱ्याचं सूप पुढे खारट होणारच.

टेबलावर दोन किटल्या असतात. मोठीत बिनदुधाचा जपानी चहा, छोटीत तारे, म्हणजे सोया सॉसचा दाट खारट अर्क. पावसातून गारठून आलेला माणूस जी हाताला येईल ती किटली कपात ओततो आणि पहिल्याच घोटाला तोंड वाकडं होतं. आधी पेल्यात चार थेंब ओतून रंग बघावा. शेजारी तीळ, मिरपूड आणि लाल आलं, बेनी शोगा. तीळ सुरुवातीला चालतील. आलं मात्र शेवटी घालावं. ते आंबट पाण्यात मुरवलेलं असतं, एकदा पडलं की सूप गुलाबी होतं आणि हाडांची चव त्याच्याखाली दबते. काएदामा निम्मा संपल्यावर, चव बदलावीशी वाटेल तेव्हा चिमूटभर पुरतं.

काएदामा मागण्याची वेळ साधणं यातच या दुकानाचं कसब आहे. बाउलमध्ये दोन-तीन घास नूडल्स उरलेल्या असताना मागावा. नूडल्स संपेपर्यंत थांबलात तर तेवढ्या वेळात सूप निवतं. आणि सूप किमान एक तृतीयांश तरी राखून ठेवावं. चांगलं लागतंय म्हणून आधीच पिऊन टाकलं तर कोरड्या नूडल्स हातात येतात. नव्या नूडल्सबरोबर उकळलेलं पाणीही थोडं येतंच, त्याने सूप पांचट होतं. छोटी किटली आहे ती यासाठी. काएदामा पडला की कडेने एक छोटी धार सोडायची, ढवळायचं, चाखायचं, लागली तर आणखी थोडी. पहिल्या बाउलमध्ये तिला हात लावायची गरज नाही.

शाकाहारी माणसाला इथे खाण्यासारखं काहीही नाही. 'मांस काढून द्या' म्हणूनही भागत नाही, सूपच हाडांचं. फुकुओकात उदोन, म्हणजे रश्शातल्या जाड गव्हाच्या नूडल्स, हेही चांगलं मिळतं आणि पावसाळी दिवसाला ते शोभतंही, पण त्याच्या रश्शात बहुतेक ठिकाणी माशाचा अर्क असतो, तेव्हा तेही चालेल असं धरून चालू नये. सोबत कोणी शाकाहारी असेल तर त्यांची सोय आधी दुसरीकडे करून मग इकडे यावं. लहान मुलांना 'यावा' आणि 'नाशी' सांगावं.

उठताना बाउल तिथेच ठेवायचं. टिप द्यायची नाही, बिल आधीच चुकतं झालेलं असतं. रेनकोट खाताना अंगावर ठेवू नये, पिशवीत बंद करून ठेवावा. ओल्या कापडाला तोनकोत्सुचा वास धरला की हॉटेलच्या खोलीत तो वाळतानाही सुटत नाही, आणि दुसऱ्या दिवशीही पाऊस असेल तर तोच रेनकोट पुन्हा घालावा लागतो.