पिवळी कॅसेट आणि हडसनचे गेम

बेळगावच्या खडेबाजारात जुनी, पिवळी, ६० पिनांची टीव्ही-गेम कॅसेट मिळाली तर '९९९९ इन १' या लेबलवर जाऊ नका. खरे गेम मोजकेच, बाकी तेच नावं बदलून. मेनूत बॉम्बरमॅन, लोड रनर, ॲडव्हेंचर आयलंड दिसले की घ्या. तिन्ही हडसन सॉफ्ट या जपानी कंपनीने काढलेले.

ही कंपनी १९७३ साली सापोरोत हॅम रेडिओच्या (हौशी लोकांच्या रेडिओ संचांच्या) दुकानातून उभी राहिली. नाव चक्क वाफेच्या इंजिनावरून. १९८४ मध्ये लोड रनर आणून निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या टीव्ही-गेम मशीनसाठी गेम काढणारी पहिली बाहेरची कंपनी ठरली. पुढे एनईसी या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीसोबत १९८७ मध्ये 'पीसी इंजिन' नावाचं गेम मशीन आणलं. १९९७ मध्ये तिची मुख्य बँक बुडाली आणि घडी विस्कटली. कोनामी या दुसऱ्या गेम कंपनीने पैसा घातला, हळूहळू ताबा घेतला, आणि १ मार्च २०१२ ला कंपनी स्वतःत विलीन केली.

आता कॅसेटकडे. बेळगावच्या पावसात पिनांवर काळपट थर धरतो, त्यामुळे पडदा करडा होतो किंवा अक्षरं विस्कटतात. फुंकर मारू नका, थुंकीच्या ओलाव्याने गंज वाढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून पिना दोन्ही बाजूंनी पुसा, दहा मिनिटं वाळवा. अडॅप्टर लावण्याआधी मशीनवरचं प्लस-मायनसचं चिन्ह बघा. उलटा लागला तर रेग्युलेटर (व्होल्टेज सांभाळणारा भाग) जळतो.

बॉम्बरमॅनचे ५० टप्पे आहेत, पासवर्ड वहीत लिहा. आणि पुढच्या टप्प्याचं दार दिसल्यावर त्यावर बॉम्ब फोडू नका, आतून शत्रू निघतात.