वस्तऱ्याची धार बघायची कशावर: नख, सुटा केस की हातावरची लव?

८००० च्या, म्हणजे अगदी बारीक कणांच्या धारेच्या दगडावरून वस्तरा उतरवला, धुऊन पुसला, की चामड्याच्या पट्ट्यावर फिरवण्याआधी धार कुठवर आली ते बघून घ्यावं. कशावर बघायचं यावर मात्र मतं फुटतात.

नखाचा प्रश्न लवकर मिटतो. ओल्या नखावर पातं निव्वळ स्वतःच्या वजनानं टेकवून टाचेकडून (मुठीजवळच्या कडेकडून) टोकाकडे ओढायचं. बिनबोभाट घसरलं तर बोथट, मध्येच खडखडलं तर तिथे दाता पडलाय, सगळीकडे सारखं चिकटत गेलं तर बरं. १००० च्या जाडसर दगडानंतर ही परीक्षा कामाची आहे. ८००० नंतर नको, कारण एवढी पातळ झालेली कड नखाच्या कडकपणाला टिकत नाही आणि तपासता तपासताच खराब होते. अंगठ्याच्या ओल्या पेरावर धार चाचपणं त्याहून सौम्य, पण ते ज्यांच्या हातून रोज दोन-चार वस्तरे जातात त्यांचं काम. घरी एकच वस्तरा असलेल्याला चिकटणं आणि जास्त चिकटणं यातला फरक कळायला फार वेळ लागतो.

उरले दोन: सुटा केस आणि हातावरची लव.

सुट्या केसाची परीक्षा दिसायला झकास. वस्तरा धार वर करून धरायचा, डोक्याचा एक लांब केस चिमटीत घेऊन चिमटीपासून साधारण १ सेंटीमीटरवर धारेवर अलगद टेकवायचा. चांगल्या धारेवर तो आपसूक तुटून पडतो. त्याखालची पायरी म्हणजे केस अडकतो, जरा ओढला की तुटतो. त्याहून खाली, केस नुसता करकरत घसरतो. दगड बदलल्यावर धारेत किती फरक पडला हे टिपायला इतकं बारीक माप घरात दुसरं नाही, हे मान्य करायलाच हवं.

पण अडचण केसाचीच आहे. मुळाकडची बाजू चिमटीत धरली की तोच केस तुटत नाही, टोकाकडून धरून मूळ मोकळं सोडलं की तुटतो. केसावरचे खवले टोकाकडे वळलेले असतात. मूळ मोकळं असलं की धार त्यांच्या उलट जाते आणि अडकते. अंतर १ चं २ सेंटीमीटर केलं की केस लवतो आणि वाचतो. जाड केस तुटतो, बारीक तुटत नाही. त्यात आपल्याकडे डोक्याला खोबरेल. कंगव्यातून काढलेला केस तेलकट असला तर उत्तम धारेवरूनही सुळकन निघून जातो आणि माणूस नीट झालेला वस्तरा पुन्हा दगडावर घेतो. यावर तोडगा आहे. एकाच डोक्याचे केस धुऊन वाळवून ठेवायचे, आणि आधी सलूनच्या वस्तऱ्यात अर्ध करून घालतात तसलं एक नवं कोरं ब्लेड घेऊन त्यावर केस तुटतो का ते बघायचं. तिथेही तुटला नाही तर केस बदला, वस्तरा नाही. हे सगळं केलं तर परीक्षा चोख होते. माझा पेच इथेच आहे: वस्तरा तपासायला बसावं आणि निम्मा वेळ केस तपासण्यात जावा. शिवाय एक केस धारेचा एकच बिंदू सांगतो. तीन इंच धारेला दहा-बारा केस लागतात, आणि इतके केस सहसा कोणी लावत नाही. मधल्या भागावर तुटला की समाधान मानून मोकळे.

लवेची गोष्ट ढोबळ, पण तिच्यातून दुरुस्तीची दिशा कळते. हात कोरडा ठेवायचा, दाढीचा साबण-पाणी काही नको. पातं त्वचेला समांतर, अर्धा सेंटीमीटर वर, धार पुढे करून सावकाश न्यायचं. लवेचे शेंडे टिकटिक करत उडाले की धार आली. शेंडे वाकून मागे पडले पण त्वचेलगत लव साफ निघाली, तर १००० चं काम नीट झालंय, फक्त वरचं राहिलंय: ८००० वर भरपूर पाणी घेऊन वजन न देता दहा-पंधरा फेऱ्या. त्वचेलगतही निघाली नाही तर ८००० वर कितीही घासून उपयोग नाही, १००० वर परत जायचं.

टाच, मध्य आणि टोक यांना हातावरच्या लवेची वेगवेगळी पट्टी द्यावी. बहुधा टोक नापास होतं, कारण फेरीच्या शेवटी हात किंचित उचलला जातो. टाच राहिली असेल तर पात्याचा खांदा, म्हणजे टाचेजवळचा जाड भाग, दगडावर चढतोय का ते बघावं. तो चढला की टाचेची धार अधांतरी राहते.

मला लव जवळची वाटते ती आणखी एका कारणानं. जास्त दाब देऊन घासलेल्या धारेला कधी धातूची अतिबारीक झालर उरते. ती सुटा केस छान तोडते, मग पहिल्याच गालावर मोडते आणि दुसऱ्या गालावर वस्तरा ओढायला लागतो. लवेवर पातं पालटून दोन्ही बाजूंनी चालवता येतं. एका बाजूनं शेंडे उडाले आणि दुसरीनं वाकले, तर झालर एकीकडे झुकलेली आहे असं धरायला हरकत नाही. ८००० वर अगदी हलक्या, आलटून पालटून आठ-दहा फेऱ्या दिल्या की बहुतेक वेळा जाते. ३० पटीचं भिंग असेल तर धार दिव्याकडे करून कडेवर चमकणारे ठिपके शोधावेत. नीट लागलेली धार समोरून उजेड परतवत नाही.

लवेची उणीव अशी की ज्याच्या हाताला लव विरळ त्याला ती फारशी उपयोगाची नाही. मग पोटरी, नाहीतर सरळ केसाची परीक्षा, ब्लेडवर जुळवून घेऊन. निरनिराळे दगड जमवून त्यांची तुलना करणाऱ्यांनीही केसच वापरावा, तेवढा बारकावा लवेत नाही. बाकी महिन्या-दोन महिन्यांनी एकच वस्तरा दगडावर घेणाऱ्याला लव पुरते. फक्त पट्ट्या अरुंद घ्याव्यात, नाहीतर धार जमेपर्यंत सबंध हात गुळगुळीत होतो आणि शेवटच्या तपासणीला काही उरत नाही.