सोन्याचं पाणी दिलेली सुई

लातूरच्या आडत बाजारात मुनीम आहे. सोयाबीनची आवक सुरू झाली की सकाळच्या सौद्यापासून रात्री हिशोबाच्या पट्ट्या फाडेपर्यंत मान वर होत नाही. दिवाळीनंतर झोपच उडाली. पहाटे तीनला डोळे टक्क उघडे. एक हमाल म्हणाला, मंगल कार्यालयात चिनी सुयांचं, म्हणजे ॲक्युपंक्चरचं, शिबिर लागलंय, टेन्शन जातंय.

तपासणी फुकट. पितळी दांडी मुठीत धरायची, तिची वायर लॅपटॉपला. मिनिटभरात तीन पानी रिपोर्ट निघाला: मेंदूच्या नसा, लिव्हर, सगळंच कमजोर. घाबरून २१ बैठकांचे ९,५०० रुपये रोख मोजले. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजणारा माणूस, पावती न वाचता खिशात घातली.

भुवयांच्या मध्ये, मनगटाच्या आतल्या बाजूला, कानाला सुया. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी बरं वाटलं. ऐन हंगामात अर्धा तास पंख्याखाली गपगुमान कोण पडू देतं? त्या भरात "गोळ्यांमुळं सुई लागू पडत नाही" असं ऐकून बीपीची गोळीही बंद केली.

चौथ्या दिवशी शेजारच्या आजोबांच्या गुडघ्यातली सुई पोऱ्यानं काढली, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली, स्टीलच्या डबीत टाकली. मग त्याच डबीतली एक उचलून माझ्या मनगटात. म्हणलं, नवीन नाही का? "साहेब, ह्या सोन्याचं पाणी दिलेल्या आहेत." मी गप्प बसलो.

आठव्या दिवशी काट्यावरच गरगरलं. डॉक्टरांनी पट्टा बांधला, बीपी १८० वर ११०. दुसऱ्या दिवशी बायको जाब विचारायला गेली, तर तिच्याच हातात दांडी दिली. पोऱ्या लॅपटॉपवर 'पुरुष' बदलायचं विसरला. रिपोर्टात तिचं प्रोस्टेट वाढलेलं! पैसे परत मागितले तेव्हा पावती उघडली, त्यावर 'स्वेच्छा देणगी'.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नीट समजावलं. सुई एकदाच वापरायची, सीलबंद पाकीट पेशंटसमोर फोडायचं. नुसत्या पुसण्यानं कावीळ ब, कावीळ क किंवा एचआयव्हीचा धोका जात नाही. आणि महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा वेगळा कायदा आहे, त्याखाली परिषद आहे, तिचा नोंदणी क्रमांक मागायचा. मी कुठं मागितला? भिंतीवर चिनी अक्षरांचं सर्टिफिकेट होतं. वाचता येत नव्हतं, म्हणूनच खरं वाटलं असावं.

गोळी परत सुरू आहे. रक्ताची पहिली तपासणी ठीक आली, तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. शिबिर उठलं. त्या आजोबांना मात्र शोधतोय, त्यांनीही रक्त तपासून घ्यायला पाहिजे. नाव विचारलं नव्हतं. पायात काळा दोरा होता, आणि एकदा मुरूडच्या गाडीत चढताना दिसले होते.